कादंबरीने बुडवलेली आगबोट

आगबोटींच्या इतिहासाबद्दल साहित्याला फारसे कुतूहल नसते. त्याला कुतूहल असते ते त्यांच्या बुडण्याबद्दल. जी बोट वर्षानुवर्षे ठरल्या वारी निघते, ठरल्या धक्क्याला लागते आणि माणसे, पोती, कोंबड्या उतरवून परत फिरते, तिच्यावर सहसा कोणी कादंबरी लिहीत नाही. तीच बोट एकदा फुटली, पेटली किंवा तळाला गेली, की तिची कथावस्तू होते. आपल्याकडेही 'रामदास' हे नाव ठाऊक आहे ते १७ जुलै १९४७ रोजी ती रेवसच्या वाटेवर बुडाली म्हणून. कोकण आणि मुंबई यांच्यामधली ये-जा पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या, कधीही न बुडालेल्या बोटींची नावे आज किती जणांना सांगता येतील?

या सवयीचा एक ठळक नमुना म्हणून आम्ही येथे एका बोटीचा विचार करणार आहोत. ती समुद्रावरची नव्हे. पूर्व आफ्रिकेतील टांगानिका सरोवरावर, समुद्रापासून हजारभर किलोमीटर आत, तिने आपले सारे आयुष्य काढले. तिचे पहिले नाव 'ग्राफ फॉन गोएत्सेन', दुसरे 'लिएम्बा'. इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकांना मात्र ती तिसऱ्याच नावाने भेटलेली असते. सी. एस. फॉरेस्टर यांच्या 'द आफ्रिकन क्वीन' (१९३५) या कादंबरीत जिला बुडवण्यासाठी नायक-नायिका जिवावर उदार होतात, ती जर्मन बोट 'कोएनिगिन लुईझे' हिच्यावरूनच बेतलेली आहे. कादंबरीत ती बुडते. जॉन ह्यूस्टन यांच्या १९५१ च्या चित्रपटातही ती बुडते, मात्र वेगळ्या रीतीने. प्रत्यक्षात शत्रूच्या कोणत्याही तोफेने वा टॉर्पेडोने तिला कधी बुडवले नाही, आणि युद्धानंतरच्या आयुष्यात तिने जवळजवळ नव्वद वर्षे प्रवासी वाहिले. या दोन हकीकतींमधील अंतर हाच आमच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम बोटीची हकीकत. टांगानिका हे उत्तर-दक्षिण पसरलेले, सुमारे ६७० किलोमीटर लांब आणि सर्वाधिक खोलीच्या जागी सुमारे १,४७० मीटर खोल असलेले सरोवर आहे. खोलीत जगात बैकलच्या खालोखाल त्याचाच क्रमांक लागतो. आज त्याच्या काठावर टांझानिया, बुरुंडी, काँगो आणि झांबिया असे चार देश आहेत. पहिल्या महायुद्धाच्या आधी पूर्व किनारा जर्मनांकडे, पश्चिम किनारा बेल्जियमकडे आणि दक्षिणेचे टोक ब्रिटिशांकडे होते. अशा सरोवरात सत्तर मीटर लांबीची आगबोट आणायची तर ती समुद्रातून येणे शक्यच नव्हते. म्हणून जर्मनीतील पापेनबुर्ग येथील मायर यांच्या गोदीत १९१३ साली ती आधी जोडून पाहण्यात आली, मग पुन्हा सुटी करण्यात आली, आणि तिचे भाग सुमारे ५,००० पेट्यांत भरून दार-एस-सलाम बंदरात धाडण्यात आले. तेथून सरोवराकाठच्या किगोमापर्यंत जाणारा लोहमार्ग १९१४ च्या आरंभी पुरा होत होता. पेट्यांबरोबर गोदीतले तीन कारागीर आले. किगोमाच्या काठावर पत्र्याला पत्रा रिव्हेटांनी जोडत बोट पुन्हा उभी राहिली. १९१५ च्या फेब्रुवारीत ती पाण्यात उतरली आणि जूनमध्ये सेवेत दाखल झाली. दरम्यान युद्ध सुरू झाले होते. प्रवासी आणि माल यांसाठी योजलेल्या बोटीवर तोफा चढल्या. त्यांतली मोठी तोफ तर रुफिजी नदीच्या मुखात नष्ट झालेल्या 'कोएनिग्सबेर्ग' या युद्धनौकेवरून काढून आणलेली होती.

तिला ज्यांचे नाव दिले होते ते गुस्ताव आडोल्फ फॉन गोएत्सेन १९०१ ते १९०६ या काळात जर्मन पूर्व आफ्रिकेचे गव्हर्नर होते. सक्तीच्या कापूस लागवडीविरुद्ध १९०५ साली उसळलेला 'माजी माजी' उठाव त्यांच्याच कारकिर्दीत चिरडला गेला. शेते आणि धान्याची कोठारे जाळण्याचे धोरण अवलंबल्यामुळे जो दुष्काळ पडला, त्यात मेलेल्यांचे अंदाज पाऊण लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात. बोटीच्या नाकावर हे नाव रंगवले गेले तेव्हा त्या दुष्काळाला दहा वर्षेही उलटली नव्हती. त्या काठावरच्या माणसांना ते नाव कसे ऐकू येत असेल, हा प्रश्न बोटीवर लिहिणाऱ्या युरोपीय लेखकांना क्वचितच पडला आहे.

युद्धकाळातली पुढची हकीकत इंग्रजीत पुष्कळदा आणि बहुधा गमतीने सांगितली गेली. ब्रिटिश नौदलाने जेफ्री स्पायसर-सिम्सन या अधिकाऱ्याच्या हाताखाली दोन लहान मोटरबोटी आफ्रिकेत पाठवल्या. त्यांना 'कॅट' आणि 'डॉग' ही नावे द्यायची त्याची सूचना वरिष्ठांनी फेटाळली, तेव्हा त्याने 'मिमी' आणि 'तूतू' ही नावे सुचवली आणि ती मंजूर झाली. केपटाउनहून रेल्वेने काँगोतल्या फुंगुरुमेपर्यंत, तेथून सुमारे १५० मैल जंगल आणि डोंगर तुडवत, पुन्हा थोडी रेल्वे, थोडी नदी, असे करत त्या १९१५ च्या अखेरीस सरोवरावर पोहोचल्या. २६ डिसेंबर १९१५ रोजी त्यांनी 'किंगानी' ही छोटी जर्मन बोट पकडली आणि ९ फेब्रुवारी १९१६ रोजी 'हेडविग फॉन विसमान' बुडवली. त्यानंतर 'गोएत्सेन' समोर आली, आणि स्पायसर-सिम्सनने तिच्यावर हल्ला करण्याचे टाळले. मोठ्या बोटीशी या मोहिमेची लढाई झालीच नाही.

ही मोहीम सांगताना तऱ्हेवाईक अधिकाऱ्याचे किस्से रंगवले जातात. दोन बोटी ज्यांनी डोंगरावर ओढल्या, त्यांच्यासाठी झाडे तोडून वाट केली, ओढ्यांवर पूल बांधले, वाफेच्या इंजिनांसाठी पाणी वाहून आणले, त्या शेकडो आफ्रिकी मजुरांना या कथनात संख्येपलीकडे अस्तित्व नाही. पूर्व आफ्रिकेतील युद्ध हे मुळात हमालांचे युद्ध होते. जनावरे त्सेत्से माशीमुळे मरत, म्हणून ओझी माणसांच्या डोक्यावर आली. एकट्या ब्रिटिश बाजूच्या हमालांपैकी रोगराईने आणि उपासमारीने मेलेल्यांची संख्या इतिहासकार एक लाखाच्या आसपास धरतात. दार-एस-सलाममधील मोठ्या बाजारपेठेचे नाव 'कारिआको' असे आहे; इंग्रजी 'कॅरिअर कोअर' या शब्दांचे, म्हणजे हमालांच्या पलटणीचे, ते स्वाहिली रूप आहे. कादंबऱ्यांनी जे लक्षात ठेवले नाही ते एका बाजाराच्या नावाने धरून ठेवले. भाषेच्या अभ्यासकांनी अशा ठिकाणी थोडे अधिक थांबायला हवे.

बोटीचे बुडणे घडले ते असे. १९१६ च्या मध्यास बेल्जियन सैन्य किगोमाच्या रोखाने येत होते आणि बोटीवरच्या तोफा जर्मनांनी जमिनीवरच्या लढाईसाठी आधीच उतरवून घेतल्या होत्या. बोट शत्रूच्या हाती पडू नये म्हणून ती बुडवण्याचा हुकूम निघाला. हे काम ज्यांच्याकडे आले त्यांना तिचा प्रत्येक सांधा माहीत होता. त्यांनी यंत्रांना ग्रीसचा जाड थर दिला, बोटीत वाळू भरली, आणि २६ जुलै १९१६ रोजी मलागरासी नदीच्या मुखाजवळ तिला सावकाश खाली बसवले. पुन्हा वर काढता यावी अशा बेताने ती बुडवली गेली. आमच्या दृष्टीने या साऱ्या हकीकतीतील सर्वांत अर्थपूर्ण कृती हीच आहे. तिच्यात शौर्य नाही, टाळ्या नाहीत; आहे ती केवळ कारागिराची वस्तूवरची निष्ठा. हुकूम पाळला गेला आणि त्याच वेळी हुकमामागचा विध्वंसाचा हेतू नाकारलाही गेला.

अशा प्रसंगाचे फॉरेस्टर यांनी काय केले? त्यांनी सरोवराला 'विटेल्सबाख' हे कल्पित नाव दिले, बोटीला जर्मन राणीचे नाव दिले, आणि एक मिशनऱ्याची बहीण व एक यांत्रिक कामगार यांना मोडक्या बोटीतून नदी उतरवून तिच्या अंगावर सोडले. कादंबरीत त्यांची बोट वादळात आधीच बुडते आणि जर्मन बोट बुडवण्याचे काम ब्रिटिश मोटरबोटी करतात. चित्रपटाला एवढा उपरोध मानवला नाही. तेथे उलटलेल्या 'आफ्रिकन क्वीन'वरच्या टॉर्पेडोंवर आदळून जर्मन बोट फुटते आणि नायक-नायिका आनंदाने पोहत निघतात. दोन्हीकडे समान आहे ती एक गोष्ट: आरंभीच गावातील आफ्रिकी माणसांना जर्मन सैनिक हाकून नेतात, आणि त्यानंतर नदी व सरोवर ही दोन गोऱ्या माणसांच्या प्रेमकथेसाठी जवळजवळ रिकामी होतात. ज्या काठावर शतकानुशतके मासेमारी चालत आली, ज्या पाण्यावरून हस्तिदंताचा आणि गुलामांचा व्यापार झाला, तेथे रोझला आणि चार्लीला वाटेत भेटण्याजोगे कोणी नाही.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कादंबरी म्हणजे इतिहासाचे पुस्तक नव्हे. लेखकाने नावे बदलली, स्थळे बदलली, मग त्याच्याकडून वस्तुस्थितीचा हिशेब का मागावा? आम्हीही तो मागत नाही. बोट बुडाली नाही, तरी कादंबरीत बुडाली, हा कादंबरीचा दोष मानण्याइतके आम्ही भाबडे नाही. शिवाय 'द आफ्रिकन क्वीन' ही चांगली लिहिलेली कादंबरी आहे. तिच्यातली नदीची वर्णने आणि रोझच्या मनातला बदल यांचे मोल आम्ही नाकारत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. एखाद्या वस्तूच्या शंभर वर्षांच्या आयुष्यातून साहित्य कोणती घटका उचलते, आणि ती उचलताना 'घटना' कशाला म्हणायचे याबद्दलचे कोणते गृहीतक नकळत वाचकाच्या गळी उतरवते? ग्रीसचा थर ही घटना नाही, स्फोट ही घटना आहे. हे कोणी ठरवले?

आता न लिहिलेला भाग पाहू. युद्धानंतर ब्रिटिशांनी ती बोट १९२४ साली तळातून वर काढली. इतकी वर्षे पाण्याखाली राहूनही यंत्रे आणि बाष्पके दुरुस्त करून चालवण्याजोगी निघाली. ग्रीसने आपले काम केले होते. १६ मे १९२७ रोजी ती 'लिएम्बा' या नावाने पुन्हा सेवेत आली. सरोवराच्या दक्षिण भागासाठी स्थानिक लोक वापरत असलेले हे नाव, लिव्हिंग्स्टन तेथे पोहोचला तेव्हा त्याने नोंदवून ठेवले होते. म्हणजे गव्हर्नराचे नाव गेले आणि पाण्याचेच नाव बोटीला मिळाले. मात्र ते नाव देणारीही परकीयच सत्ता होती, हे विसरून चालणार नाही.

त्यानंतर घडले ते असे, की ज्यात सांगण्यासारखे काही नाही असे कथालेखकाला वाटावे. किगोमाहून निघायचे, दक्षिणेला झांबियातल्या म्पुलुंगूपर्यंत जायचे, परत यायचे. वाटेतल्या बहुतेक गावांना धक्का नाही. बोट काठापासून दूर थांबते, भोंगा वाजतो, आणि अंधारातून लाकडी होड्या तिच्या अंगाला येऊन भिडतात. सुकवलेल्या 'दगा' माशांची पोती, अननस, मका, गाद्या, लेकुरवाळ्या बाया, परीक्षेला निघालेली मुले, म्हातारी माणसे: सारे त्या होड्यांतून हातोहात वर चढते आणि हातोहात खाली उतरते. काठाला धड रस्ता नसलेल्या गावांसाठी ही बोट म्हणजेच बाजार, टपाल आणि दवाखान्याची वाट होती. १९७० च्या दशकात तिचे वाफेचे यंत्र काढून डिझेलचे बसवले गेले. काटेकोरपणे पाहिले तर त्या दिवसापासून तिला आगबोट म्हणता येत नाही. धूर बदलला, वाट बदलली नाही.

तिच्या आयुष्यात थरारक म्हणावे असे काही नंतर घडलेच नाही, असेही नाही. १९९७ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक यंत्रणेने काँगोच्या युद्धातून पळालेल्या ७५,००० हून अधिक माणसांना स्वदेशी पोहोचवण्यासाठी हीच बोट वापरली. २०१५ च्या मे महिन्यात बुरुंडीतील हिंसाचाराला भिऊन हजारो लोक सरोवराकाठच्या कागुंगा या चिंचोळ्या गावात येऊन अडकले. मागे उभा डोंगर, पुढे पाणी, आणि मध्ये पटकीची साथ. तेव्हा दर खेपेला सुमारे ६०० माणसे घेऊन 'लिएम्बा' किगोमाला फेऱ्या मारत राहिली. शंभर वर्षांपूर्वी सैनिक वाहण्यासाठी जुंपलेली बोट युद्धातून सुटलेल्यांना वाहत होती. कादंबरीकाराने रचली असती तर ही योजना फार जुळवलेली वाटली असती. पण या खेपांवर चित्रपट निघाला नाही. अलीकडच्या वर्षांत मोठ्या दुरुस्तीसाठी तिला थांबावे लागले, तेव्हाही बाहेरच्या जगात तिची ओळख दिली गेली ती 'आफ्रिकन क्वीनमधली बोट' अशीच.

याचे कारण केवळ पूर्वग्रह नव्हे. त्यात रूपबंधाचाही वाटा आहे. कादंबरीला शेवट लागतो. बुडणे हा उत्तम शेवट आहे: तो दिसतो, त्याला तारीख असते, त्यानंतर काही सांगावे लागत नाही. फेरीला शेवट नसतो. फेरीचे स्वाभाविक रूप वेळापत्रकाचे आहे, आणि वेळापत्रकातून कथा काढणे कठीण. ज्यांनी या बोटीवर नंतर चांगले लिहिले त्यांनाही ही अडचण ओलांडता आलेली नाही. जाइल्स फोडेन यांनी 'मिमी अँड तूतू गो फोर्थ' (२००४) मध्ये दंतकथेमागची मोहीम शोधून काढली. अलेक्स कापुस यांनी २००७ च्या आपल्या जर्मन कादंबरीत पापेनबुर्गच्या तीन कारागिरांना केंद्रस्थानी आणले, हे तर विशेष स्वागतार्ह. तरीही या पुस्तकांचा गुरुत्वमध्य युद्धातच आहे. अब्दुलरझाक गुर्ना यांच्या 'आफ्टरलाइव्ज' (२०२०) या कादंबरीत ही बोट नायिका नाही, पण त्याच जर्मन पूर्व आफ्रिकेतले युद्ध त्या मातीतल्या माणसांच्या बाजूने पाहिले आहे आणि युद्ध संपल्यावर कथाही संपत नाही. घर, दुकान, दुखापत, संसार असे पुढे चालत राहते. शीर्षकातच 'नंतरचे' आयुष्य आहे. लिएम्बाची कथा लिहायची तर ती अशा वळणाने लिहावी लागेल, असे आम्हांस वाटते.

मराठी वाचकाने याची दखल का घ्यावी? एक कारण इतिहासाचे. ज्या युद्धाने या बोटीवर तोफा चढवल्या, त्या युद्धाचा पूर्व आफ्रिकेतला पहिला मोठा डाव मुंबई बंदरातून सुरू झाला. १९१४ च्या ऑक्टोबरात सुमारे ८,००० जणांची हिंदी फौज मुंबईहून निघाली आणि नोव्हेंबरच्या आरंभी टांगा येथे तिचा दारुण पराभव झाला. त्या जहाजांवर चढलेल्या शिपायांना आपण कोणत्या साम्राज्यासाठी कोणत्या काठावर उतरणार आहोत हे कितपत ठाऊक होते, हा प्रश्न आपल्या वाङ्मयानेही फारसा विचारलेला नाही. तेव्हा फॉरेस्टर यांना दोष देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही.

दुसरे कारण अध्यापनाचे. साम्राज्यकाळातील साहसकथा वर्गात शिकवताना आपण बहुधा दोनांपैकी एक करतो: तिच्यातली रचना वाखाणतो किंवा तिच्यातला वर्णभेद दाखवून देतो. दोन्ही आवश्यक आहे, पण त्यातून विद्यार्थ्याच्या हाती कादंबरीचेच जग राहते. तिच्या शेजारी बोटीची १९२७ नंतरची हकीकत ठेवून पाहावी. मग विद्यार्थी आपणहून विचारील, की या कथेचा शेवट जेथे झाला तेथे आयुष्य का संपले नाही, आणि जे चालू राहिले त्याला कथेत जागा का नव्हती. हा प्रश्न एकदा शिकला की तो आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांनाही विचारता येतो. लढाईच्या आधी तळावर भाकरी कोणी भाजल्या, तह झाल्यावर जळलेली शेते पुन्हा कोणी नांगरली, हे आपल्याकडच्या किती पानांवर आले आहे?

एका गैरसमजाला मात्र जागा राहू नये. बोट उपयोगी पडली म्हणून तिला वसाहतीची देणगी मानणे म्हणजे गोएत्सेनच्या नावाला पुन्हा रंग देणे होय. ती ज्यांच्यासाठी आणली गेली ते तेथून गेले. ज्यांना विचारलेही नव्हते त्यांनी तिचा बाजार केला, रस्ता केला, प्रसंगी आसरा केला. वस्तूचा अर्थ घडवणाऱ्यांत तिच्या मालकापेक्षा तिच्या उतारूंचा वाटा मोठा असू शकतो, ही गोष्ट वाचकांच्या हक्काविषयी बोलणाऱ्या आपल्या समीक्षेला परकी वाटू नये. संहितेचेही असेच असते.

ज्यांनी १९१६ साली यंत्रांना ग्रीस लावले, त्यांना आपण कोणासाठी ते जपत आहोत हे ठाऊक नव्हते. कदाचित जर्मनी परत येईल असेच त्यांना वाटत असेल. जर्मनी परत आला नाही. वर आली ती बोट, आणि पुढच्या नव्वदेक वर्षांत तिच्यावर चढलेल्या माणसांची गणती कोणी ठेवलेली नाही. साहित्याने आजवर तिला बुडवण्याचे काम चोख केले. तिला चालती पाहील असा लेखक तिला अद्याप मिळायचा आहे. आणि तो मिळाला तर त्या सरोवराच्या काठावरचाच असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.